अंगठा कुठे थांबतो

परवा शिवणकामाची टेप घेऊन मी स्वतःचा पाय मोजला. खुब्यापासून जमिनीपर्यंत ८४ सेंटिमीटर, गुडघ्यापासून जमिनीपर्यंत ४५. दोन्हींचा तिसरा हिस्सा काढला. एक आला २८, दुसरा १५. २८ची खूण पोटरीच्या फुगवट्यावर पडली, १५ची घोट्याच्या वर चार बोटांवर. या दोन खुणांच्या मधे अर्ध्या वितीहून थोडी जास्त जागा उरते. तिथे अंगठ्याने दाब देणारा माणूस कायद्याच्या आत की बाहेर, एवढंच मला बघायचं होतं.

कायदा अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याचा आहे. तिथे २०१३ पासून रिफ्लेक्सॉलॉजीचा व्यवसाय करायचा तर राज्याचं प्रमाणपत्र लागतं. कायद्यातली व्याख्या मराठीत साधारण अशी होईल: रिफ्लेक्सॉलॉजी ही अशी आरोग्यसेवा, जिच्यात हातापायांचा खालचा एक तृतीयांश भाग, पावलं, पंजे आणि कानाची बाहेरची बाजू एवढ्याच ठिकाणी, रिफ्लेक्स नकाशांच्या (कोणता बिंदू कोणत्या अवयवाचा मानतात ते दाखवणाऱ्या चित्रांच्या) आधारे, अंगठ्याने आणि बोटांनी आळीपाळीने दाब दिला जातो. लगेच पुढचं वाक्य येतं: विशिष्ट आजारांचं निदान, त्यांच्यावरचे उपचार आणि सांध्यांची हाताळणी हिच्यात येत नाही.

पायाचा तिसरा हिस्सा खुब्यापासून धरायचा की गुडघ्यापासून, हे तिथे लिहिलेलं नाही. 'एक्स्ट्रिमिटीज' हा मूळ इंग्रजी शब्द दोन्ही बाजूंनी वाचता येतो. माझ्या टेपवरची ती १३ सेंटिमीटर जागा तशीच राहते. तरीही या व्याख्येबद्दल मला आदर वाटतो, कारण हात शरीरावर कुठपर्यंत जाईल आणि तोंड काय बोलणार नाही, या दोन गोष्टी तिने लिहून ठेवल्या. आपल्याकडे यातली एकही लिहिलेली नाही.

त्याच कायद्यात मसाजची व्याख्या वेगळी आहे. उपचाराच्या हेतूने शरीराच्या मऊ ऊती बाहेरून हाताळणं किंवा त्यांच्यावर दाब देणं म्हणजे मसाज. थोपटणं, दाबणं, घासणं, मळणं, हलवणं असे प्रकार पुढे मोजलेले आहेत आणि त्या यादीत चक्क रिफ्लेक्सॉलॉजीचंही नाव आहे. म्हणजे मसाजचा परवाना असलेला माणूस पावलांवर रिफ्लेक्सॉलॉजी करू शकतो, पण रिफ्लेक्सॉलॉजीचं प्रमाणपत्र असलेल्याला पाठीला किंवा मानेला हात लावता येत नाही. दार एकाच बाजूने उघडतं. शिक्षणाच्या तासांतही तेवढाच फरक: मसाजच्या परवान्याला ६२५ तासांहून कमी शिक्षण चालत नाही, रिफ्लेक्सॉलॉजीला त्याच्या निम्म्याहूनही कमी पुरतं. जिथे जोखीम कमी तिथे अट कमी, हे मला पटतं. कपडे अंगावर असलेल्या माणसाचं पाऊल धरणं आणि कपडे उतरवून पालथ्या पडलेल्या माणसाच्या मणक्याशेजारी कोपर रुतवणं, या दोन्हींना एकच परवाना मागणं अन्यायाचं झालं असतं.

हा कायदा येण्यामागे एक कुरूप कारणही होतं. मसाजच्या नावाखाली देहविक्रीचे धंदे चालतात, त्यांत माणसांची तस्करी होते, आणि परवान्याची तपासणी आली की मालक सांगतो, इथे मसाज होत नाही, इथे रिफ्लेक्सॉलॉजी होते. रिफ्लेक्सॉलॉजीची व्याख्याच नसेल तर तपासणी करणारा काय सिद्ध करणार? नीट शिकून, स्वच्छ चादर घालून पाय दाबणाऱ्या बाईला याच पळवाटेची सर्वांत मोठी किंमत मोजावी लागते. तिच्या पाटीवरचा शब्द दुसरा कुणीतरी मळवून टाकतो.

अमेरिकेत सगळीकडे असं नाही. नॉर्थ डकोटा, टेनेसी, न्यू हॅम्पशायर अशा मोजक्या राज्यांनी रिफ्लेक्सॉलॉजीसाठी वेगळी व्यवस्था केली. काही राज्यं तिला मसाजमध्येच धरतात. बऱ्याच राज्यांनी मसाजच्या कायद्यातून तिला सूट दिली आहे आणि ती सूट सहसा पंजे, पावलं, कान यांपलीकडे जात नाही. तोच अंगठा, तोच तळवा, पण राज्याची सीमा ओलांडली की त्याच कृतीचं कायद्यातलं नाव बदलतं.

रिफ्लेक्सॉलॉजी करणाऱ्यांना हे सगळं अपुरं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की मसाज करणारा स्नायूवर काम करतो ते त्या स्नायूसाठीच. आम्ही तळव्यावरचा बिंदू दाबतो तो शरीरात दुसरीकडे असलेल्या अवयवासाठी. हेतू वेगळा, तत्त्व वेगळं, म्हणून व्यवसाय वेगळा. यावर मसाजवाले विचारतात, तळव्याची कातडी, तिच्याखालचा जाड पट्टा, बोटांचे छोटे स्नायू, या मऊ ऊती नाहीत तर काय आहेत? तुम्ही दाबता त्याच गोष्टी आम्हीही दाबतो.

या वादात मी मसाजवाल्यांच्या बाजूचा आहे, आणि त्याचं कारण रिफ्लेक्सॉलॉजीच्या इतिहासातच आहे. हे शास्त्र प्राचीन आहे असं आपल्याला सांगितलं जातं. आज भिंतीवर टांगलेला तो रंगीत तळवा मात्र विसाव्या शतकातला आहे. कनेक्टिकटमधल्या हार्टफर्डचे कान-नाक-घशाचे डॉक्टर विल्यम फिट्झजेराल्ड यांनी शरीराचे डोक्यापासून पायापर्यंत दहा उभे पट्टे कल्पिले. बोटांना रबर बँड आणि कपड्यांचे चिमटे लावून त्याच पट्ट्यातली दुखणी बधिर करता येतात, असं ते म्हणत. त्यांचं झोन थेरपीवरचं पुस्तक १९१७ साली आलं. पुढे फिजिओथेरपीचं काम करणाऱ्या युनिस इंगहॅम यांनी ते पट्टे तळव्यावर आणले, एकेका अवयवाला जागा दिली आणि १९३८ मध्ये आपलं पहिलं पुस्तक काढलं. बाईंनी हजारो पावलं हातात घेतली असतील. त्यांच्या कष्टांविषयी मला शंका नाही. पण तळव्यावरच्या अमुक बिंदूपासून मूत्रपिंडापर्यंत जाणारी वाट शरीरशास्त्राला आजवर सापडलेली नाही, आणि वेगवेगळ्या परंपरांचे नकाशेही सगळीकडे एकमेकांशी जुळत नाहीत. पर्यायी उपचारांचे अभ्यासक एड्झार्ड अर्न्स्ट यांनी २००९ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वैद्यकीय नियतकालिकात १८ नियंत्रित चाचण्यांचा आढावा घेतला. कुठल्याही आजारावर रिफ्लेक्सॉलॉजी परिणामकारक आहे, असं त्यांतून खात्रीने दिसत नाही, हा त्यांचा निष्कर्ष होता.

म्हणून तत्त्वाच्या जोरावर वेगळी ओळख मागणं मला धोक्याचं वाटतं. ते तत्त्व कायद्यात घेतलं तर सरकारने त्या नकाशावर शिक्का मारल्यासारखं होतं. वॉशिंग्टनच्या व्याख्येतला 'रिफ्लेक्स नकाशांच्या आधारे' हा शब्दसमूह मला याचसाठी खटकतो. नकाशा खरा आहे असं कायदा म्हणत नाही, पण प्रमाणपत्र भिंतीवर नकाशाच्या शेजारीच लागतं आणि बघणारा दोन्ही एकत्र वाचतो. निदानाला मनाई करणारं पुढचं वाक्य नसतं तर ही व्याख्या मी नाकारली असती.

त्या वाक्याला मी इतकं का धरून बसलो आहे, ते आता सांगायला हवं.

माझी आई ७१ वर्षांची आहे, तिला मधुमेह आहे. दोन वर्षांपूर्वी तिचे तळवे दुखायला लागले. शेजारच्या काकूंबरोबर ती तळवे दाबण्याच्या एका केंद्रात जायला लागली. दहा बैठकांचे पैसे आधी भरायचे. तिथल्या मुलाने लाकडी जिमीने, म्हणजे बिंदू दाबायच्या छोट्या दांडीने, तिच्या तळव्याच्या मधोमध दाब दिला, आई कळवळली, आणि तो म्हणाला, "आजी, हा किडनीचा पॉइंट आहे. सांभाळा." एवढंच. औषध बंद करा असं तो म्हणाला नाही, वागायलाही चांगला होता. आईने घरी येऊन कुणाला काही सांगितलं नाही. टोमॅटो सोडले, डाळी सोडल्या, पाणी मोजून प्यायला लागली. रात्री उठून देवापुढे बसायची. तीन आठवड्यांनी हे माझ्या कानावर आलं. रक्त तपासलं तर किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन अगदी ठीक. डॉक्टरांनी पाय हातात घेऊन बघितला. टाचेपासून बोटांकडे जाणारा तळव्याचा पट्टा सुजला होता, आणि तोच दुखत होता. तो मुलगा दाबत होता ती जागा खरोखरच आजारी होती. फक्त ती किडनी नव्हती, पायच होता.

डॉक्टरांनी आणखी एक गोष्ट दाखवली, तिने मी जास्त घाबरलो. मधुमेहात पायाची संवेदना कमी होत जाते. लाकडाच्या टोकाने झालेली जखम अशा माणसाला कळतही नाही, आणि मधुमेह्याच्या पायाची जखम कुठवर चिघळू शकते हे ज्याच्या घरी घडलंय त्यालाच माहीत. वॉशिंग्टनच्या व्याख्येत अंगठा आणि बोटं आहेत, लाकडी जिमी नाही. आधी हा तपशील मी नजरेआड केला होता. त्या दिवशी घरी आल्यावर तो पुन्हा वाचला.

मग मसाज आणि रिफ्लेक्सॉलॉजी यांच्यात खरा फरक कशाने पडतो? दोन्हीकडे स्पर्श जवळपास सारखाच असतो. फरक पडतो आश्वासनाने. मसाज करणारा म्हणतो, तुझी पाठ आखडली आहे, मी पाठ मोकळी करतो. त्याचं खरंखोटं त्याच पलंगावर, अर्ध्या तासात कळतं. रिफ्लेक्सॉलॉजी करणारा पाय धरतो आणि बोलतो यकृताबद्दल. ते खरं की खोटं, हे गिऱ्हाइकाला त्या खोलीत कळण्याचा मार्गच नाही. जिथे पडताळा गिऱ्हाइकाच्या हातात नाही तिथे त्याच्या वतीने कायद्याने उभं राहावं लागतं.

ऑस्ट्रेलियाने हा फरक विम्याच्या पैशातून केला. १ एप्रिल २०१९ पासून तिथल्या खाजगी आरोग्य विम्यातून १६ नैसर्गिक उपचारपद्धती वगळल्या गेल्या आणि त्यांत रिफ्लेक्सॉलॉजी होती. उपचारात्मक मसाज मात्र विम्यात राहिला. कुणी रिफ्लेक्सॉलॉजीवर बंदी घातली नाही. ज्याला हवी त्याने स्वतःच्या खिशातून घ्यावी, सगळ्यांच्या हप्त्यांतून नको, इतकंच ठरलं.

व्याख्या नसल्याने काय होतं ते सांगितलं. ती फार पसरट असली तर काय होतं, हे तैवानने भोगलं, आणि ती गोष्ट मला फार जवळची वाटते. योसेफ ऑयगस्टर नावाचे एक स्विस मिशनरी धर्मगुरू १९७०च्या दशकात पूर्व किनाऱ्यावरच्या तैतुंग भागात काम करत होते. त्यांचे गुडघे संधिवाताने धरले होते. आपल्याच देशातल्या हेडी माझाफ्रेट या परिचारिकेच्या पुस्तकातून शिकून त्यांनी स्वतःचे पाय दाबले, बरं वाटलं, मग गावातल्या लोकांचे पाय दाबले. तिथून तळवे दाबून घेणं तैवानभर पसरलं. पण त्याच देशात १९८०च्या एका कायद्याने मसाजचा व्यवसाय फक्त दृष्टिहीनांसाठी राखून ठेवला होता. डोळस माणसाने मसाज केला तर दंड. मग तळवे दाबणं हा मसाज की नाही, यावर कितीतरी जणांचं पोट अवलंबून राहिलं.

नियमात मसाजचे प्रकार मोजले होते: हलकं घासणं, मळणं, बोटांनी दाबणं, ठोकणं, थरथरवणं, आणि शेवटी 'इतर विशेष हस्तकौशल्यं'. या शेवटच्या तीन शब्दांत काय बसत नाही? ३१ ऑक्टोबर २००८ रोजी तैवानच्या घटनात्मक न्यायपीठाने ६४९ क्रमांकाच्या निर्णयात हे आरक्षण घटनेविरुद्ध ठरवलं आणि तीन वर्षांत ते संपेल असं सांगितलं. दृष्टिहीनांचं संरक्षण हा हेतू योग्य आहे हे न्यायपीठाने मान्य केलं. पण इतक्या संदिग्ध शब्दांमुळे मसाजसारखं दिसणारं कुठलंही काम करणारा डोळस माणूस दंडाच्या कारवाईत सापडू शकतो, यावरही त्याने बोट ठेवलं.

आदल्याच दिवशी, ३० ऑक्टोबर २००८ रोजी, दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने नेमका उलटा निकाल दिला आणि तिथलं दृष्टिहीनांचं आरक्षण कायम ठेवलं. त्याच न्यायालयाने २००६ मध्ये ते रद्द केलं होतं. तेव्हा दृष्टिहीन मसाज करणारे सोलच्या पुलावर जमले, काहींनी हान नदीत उड्या घेतल्या. त्याच वर्षी संसदेने कायदा दुरुस्त करून आरक्षण परत आणलं. मला विचाराल तर तैवानचा तर्क बरोबर होता. पण त्या पुलावर उभं राहिलेल्या माणसाला 'व्यवसाय स्वातंत्र्य' हा शब्द कसा ऐकू आला असेल, हे विसरून तर्क मांडता येत नाही. आपल्याकडेही दृष्टिहीन मुलामुलींना मसाज आणि तळवे दाबण्याचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत. व्याख्या करायला बसाल तेव्हा ही मुलं त्या टेबलाशी बसलेली असली पाहिजेत.

आपल्याकडे सध्या काय आहे? २०२१ साली केंद्राने सहाय्यक आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्याच्या यादीत फिजिओथेरपी आहे, ऑक्युपेशनल थेरपी आहे, रिफ्लेक्सॉलॉजी नाही. खोट्या वैद्यकीय जाहिरातींविरुद्धचा १९५४चा जुना कायदा औषधांच्या आणि जादुई उपायांच्या जाहिराती रोखतो. त्यातल्या 'औषध' शब्दात शरीराच्या कार्यावर परिणाम करण्यासाठी वापरली जाणारी वस्तूही येते. शब्दशः वाचलं तर मधुमेह बरा करणारी म्हणून विकलेली टोचऱ्या ठिपक्यांची चप्पल त्या कायद्यात सापडेल, पण तेच वचन देऊन दाबणारा अंगठा सापडेलच असं नाही, कारण अंगठा ही वस्तू नाही. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तक्रार करता येते, आणि ती करावी. पण आईला कुणी जाहिरात दाखवली नव्हती. तळवा हातात धरून एक वाक्य म्हटलं होतं.

महाराष्ट्राला हे काम नवं नाही. अॅक्युपंक्चरसाठी आपल्या विधिमंडळाने २०१५चा स्वतंत्र अधिनियम केला, त्याखाली परिषद आली, नोंदणी आली. एखादी हातांची विद्या कायद्यात कशी आणायची, याची घडी मंत्रालयात आहे. पण रिफ्लेक्सॉलॉजीसाठी तीच घडी जशीच्या तशी उचलू नये असं मला वाटतं. परिषद आणि 'चिकित्सा पद्धती' हे नाव मिळालं की तो नकाशा शाळेत शिकवला जाईल, आणि उद्या त्याच मुलाच्या नावामागे 'डॉ.' लागेल. कायद्याची मागणी करणाऱ्या रिफ्लेक्सॉलॉजिस्टांच्या मनात बहुधा हेच असतं, हे मला कळतं; सन्मान कुणाला नको असतो? माझ्या मनात त्याहून लहान गोष्ट आहे. नोंदणी सोपी असावी, शुल्क किरकोळ असावं, म्हणजे गल्लीतल्या केंद्रालाही ती परवडेल. व्याख्येत जागा लिहावी, आणि ती टेपने मोजावी न लागेल अशी: पावलं आणि घोटा, पंजे आणि मनगट, बाहेरचा कान. हत्यार नको, सांधा मोडायला नको, कपडे उतरवायला नकोत. मधुमेहाची विचारणा दाब देण्याआधी. आणि अवयवाचं नाव घेऊन काहीही सांगायचं नाही, 'सांभाळा' एवढंसुद्धा नाही.

यावर एका ओळखीच्या रिफ्लेक्सॉलॉजिस्ट बाईंनी मला विचारलं, "अवयवाचं नाव काढून घेतलं तर आमच्याकडे उरतं काय?" त्यांचे हात चांगले आहेत हे मला माहीत आहे, माझ्या पत्नीने त्यांच्याकडे पाय दाबून घेतले आहेत आणि त्या रात्री ती शांत झोपली आहे. मी त्यांना म्हटलं, ती झोप उरते. त्यांना उत्तर आवडलं नाही. नुसत्या झोपेचे कुणी दहा बैठकांचे पैसे आधी भरत नाही, असं त्या म्हणाल्या, आणि त्यांचं ते म्हणणं खरं आहे. तळवे सैल होणं, अर्धा तास कुणीतरी आपल्याकडे लक्ष देणं, याला आपण किंमत देत नाही. किडनीचं नाव घेतलं की लगेच देतो. त्यात त्यांचा दोष जितका, तितकाच आपलाही.

आईचे तळवे आता बरे आहेत. टाचेला मऊ गादी, सकाळी उठण्याआधी पलंगावरच पायाचे ताण. परवा टेप घेऊन मी पाय मोजत होतो तेव्हा तिने विचारलं, काय चाललंय. सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तो मुलगा अजून तिथेच आहे. काकू जातात. त्यांना कोणता पॉइंट सांगितलाय, विचारायला पाहिजे."